वाचलेली मिनिटे कोणाची?

वैद्यकीय साधनांच्या किमतींचा विषय निघाला की आपल्याकडील एका वर्गाची ठरावीक ओरड सुरू होते. किमतींना हात लावाल तर परदेशी कंपन्या पाठ फिरवतील, अद्ययावत तंत्रज्ञान या देशात येणार नाही आणि त्याचे परिणाम अखेर गरीब रुग्णालाच भोगावे लागतील, असे हा वर्ग मोठ्या कळवळ्याने सांगतो. हा कळवळा एरव्ही कोठे दडून बसलेला असतो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. २०१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने हृदयातील स्टेंटची कमाल किंमत ठरवून दिली: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये. रुग्णालयांच्या पातळीवर स्टेंटवर ६५० टक्क्यांच्या घरात जाणारी आकारणी होते, हे त्याच प्राधिकरणाने आकड्यांनिशी दाखवले होते. तरीही ओरड झाली. अ‍ॅबट कंपनीने आपले दोन स्टेंट भारतीय बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली. त्यांतील एक शरीरात विरघळून जाणारा, सर्वांत नवा आणि सर्वांत महाग. भारतीय रुग्ण आता प्रगतीला मुकणार, असा गळा काढला गेला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच विरघळणाऱ्या स्टेंटबद्दल डॉक्टरांना सावध केले होते, आणि सप्टेंबरात खुद्द कंपनीनेच त्याची जगभरची विक्री थांबवली. ज्या प्रगतीला आपण मुकणार होतो ती प्रगती अशी होती!

परंतु स्टेंट हा माझा आजचा विषय नाही. स्टेंटवर लोकांचे लक्ष गेले, न्यायालयात अर्ज झाला, सरकारला हलावे लागले. स्टेंटच्या भोवती ज्या दहा-वीस वस्तू रुग्णाच्या शरीरात जातात आणि बिलात उतरतात त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. त्यांपैकी एका वस्तूविषयी मी लिहिणार आहे. बिलात तिला ‘क्लोजर डिव्हाइस’ म्हणतात. मांडीच्या धमनीला पाडलेले भोक बुजवण्याचे हे साधन आहे. एवढ्याशा वस्तूसाठी साप्ताहिकाचे पान खर्ची घालावे काय, असे काही वाचकांना वाटेल. मलाही दोन वर्षांपूर्वी तसेच वाटले असते.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. वय चौऱ्याहत्तर, पंधरा वर्षांचा मधुमेह, बांधा किरकोळ. छातीत दुखू लागले म्हणून एका खासगी रुग्णालयात नेले. जांघेतून अँजिओप्लास्टी झाली, ती उत्तम झाली, याबद्दल त्या डॉक्टरांचे कौशल्य मी नाकारत नाही. संध्याकाळी दाजी हसतखेळत बोलत होते. रात्री अकराच्या सुमारास आक्का मला म्हणाली, “अरे, यांचा पाय गार लागतोय रे. दुसरा बघ, ऊन आहे.” मी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पाय चाचपला आणि मधुमेही माणसाचे पाय गारच असतात असे सांगून ते गेले. पहाटे बोटे निळसर झाली. सोनोग्राफीत कळले की धमनीच्या बाहेर बसायला हवी होती ती कोलॅजनची गुडदी धमनीच्या आत शिरली होती आणि तिने खालचा रक्तप्रवाह अडवला होता. रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांनी जांघ उघडून ती काढली. पाय वाचला, दोन बोटे गेली. दाजी आता काठी घेऊन चालतात.

यानंतर बिले आली. पहिल्या बिलात ‘क्लोजर डिव्हाइस, १ नग’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढील रक्कम दाजींच्या ईपीएस-९५ खालील चार महिन्यांच्या पेन्शनइतकी होती. दुसरे बिल त्या एका नगाने केलेले नुकसान निस्तरण्याचे होते. तेही पूर्ण रकमेचे, शस्त्रक्रियागृह, भूल, अतिदक्षता विभाग, सर्व आकार लावून. मी चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. एखाद्या मालातील दोषाची किंमत ग्राहकाने भरावी आणि विक्रेत्याला त्याच दोषातून दुसरी विक्री व्हावी, असा बाजार कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिला नाही.

आता हे साधन करते काय, ते समजून घेऊ. कारण अशा वस्तू बोजड परिभाषेच्या आडोशाने उभ्या असतात तोवर आपण त्यांना प्रश्न विचारीत नाही. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली सुई, तार आणि नळी यांच्या साह्याने धमनीत शिरण्याची युक्ती शोधून काढली. १९७७ च्या सप्टेंबरात झुरिकला ग्रुंट्झिग यांनी त्याच वाटेने हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून पहिली अँजिओप्लास्टी केली. वाट मिळाली, पण परतताना धमनीला भोक राहते, आणि धमनी म्हणजे काही शीर नव्हे. तिच्यातून रक्त जोराने उसळते. म्हणून काम झाल्यावर कोणीतरी हाताने ती जागा दाबून धरावी, पंधरा-वीस मिनिटे, कधी अधिक; मग वरून पट्टी, वाळूची पिशवी, आणि रुग्णाने चार-सहा तास पाय न हलवता उताणे पडून राहावे, ही रीत होती. १९९६ साली एका सरकारी रुग्णालयात माझी स्वतःची अँजिओग्राफी झाली तेव्हा एक निवासी डॉक्टर वीस मिनिटे माझी जांघ दाबून उभे होते. एका हाताला कळ लागली की दुसरा हात लावायचे. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे म्हटल्यावर त्यांनी मला रुपयाच्या अवमूल्यनाविषयी विचारले आणि उत्तर संपेपर्यंत रक्त थांबले होते. पाठ मात्र रात्रभर दुखली, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

ही वीस मिनिटे आणि ते सहा तास वाचवणारी साधने अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून बाजारात आली. काहींत धमनीच्या आत एक बारीक नांगर टेकवून बाहेरून कोलॅजनची गुडदी खेचून बसवतात. अँजिओ-सील हे त्यांतले प्रसिद्ध नाव. काहींत धमनीच्या भिंतीलाच आतून टाका घालतात. परक्लोज हे त्या जातीचे. कल्पकतेला दाद दिलीच पाहिजे. पण भोक नेमके कोठे पडले आहे, धमनीत चुन्याचे थर आहेत काय, ती किती रुंद आहे, यावर सगळे अवलंबून असते. टाका धरला नाही तर रक्त मांडीत साकळते, किंवा पोटाच्या मागच्या पोकळीत उतरते, जेथे ते बाहेरून दिसतही नाही आणि रक्तदाब कोसळल्यावरच कळते. धमनीच्या शेजारी रक्ताचा खोटा फुगा तयार होतो. गुडदी आत गेली तर दाजींच्या पायाचे झाले ते होते. परकी वस्तू मागे राहिल्याने क्वचित जंतुसंसर्ग होतो. तो क्वचित असला तरी भयंकर असतो. बारीक धमन्यांच्या लोकांना धोका जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील संशोधकांनी तेथील हृदयरोगतज्ज्ञांच्या नोंदवहीवरून जो अभ्यास केला, त्यात स्त्रियांना हा त्रास पुरुषांहून अधिक होतो असे आढळले होते.

हाताने दाबण्याच्या तुलनेत या साधनांनी इजा कमी होते काय? एवढ्या मूलभूत प्रश्नाचे उत्तर विक्री सुरू होण्यापूर्वी मिळायला हवे होते. २००४ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी तोवरच्या तीस चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा रक्त साकळण्याचा आणि खोट्या फुग्याचा धोका या साधनांनी वाढत असावा अशी शंका त्यांनी नोंदवली. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपले अधिकृत मत दिले: इजा टाळण्याच्या हेतूने ही साधने सरसकट वापरू नयेत, रक्त लवकर थांबावे, रुग्णाला लवकर उठता यावे, आराम पडावा, यासाठी वापरणे मात्र समर्थनीय आहे. हे वाक्य आमच्या कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक वाचावे. या वस्तूच्या बाजूने अधिकृतपणे जे काही सांगितले गेले त्याचे सार वेळेची बचत एवढेच होते. रुग्णाला मात्र कॅथलॅबच्या दारात सांगितले जाते की ‘हे जास्त सुरक्षित असते’.

विरुद्ध बाजूचा पुरावाही लपवता कामा नये. २०१४ साली जर्मनीत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. साधनांच्या गटात इजा ६.९ टक्के, हाताने दाबण्याच्या गटात ७.९ टक्के, म्हणजे साधन निदान वाईट तरी नाही, असा निर्वाळा मिळाला. मोठ्या प्रमाणावर रक्त साकळण्याचे प्रकार साधनांच्या गटात थोडे कमीच होते. रक्त थांबायला एका बाजूस एक मिनिट लागले, दुसऱ्या बाजूस दहा. परंतु हे रुग्ण नुसत्या तपासणीच्या अँजिओग्राफीचे होते, बारीक नळीचे होते आणि काम सरावलेल्या केंद्रांत झाले होते. शिवाय चाचणीतल्या दोन साधनांपैकी एकाचा नेम १२.२ टक्के वेळा चुकला, दुसऱ्याचा ५.३ टक्के. सगळी साधने सारखी नसतात. आपल्या बिलावर मात्र नुसते ‘क्लोजर डिव्हाइस’ लिहिलेले असते; ते शंभरातील पाच चुकणारे की बारा चुकणारे, हे रुग्णाला कोण सांगतो?

या वादात एक तिसरा मार्ग बाजारवाले फारसे उच्चारत नाहीत. मनगटातून शिरले तर मांडीच्या धमनीला हात लावावाच लागत नाही. कॅनडात कांपो यांनी १९८९ साली मनगटातून अँजिओग्राफी केल्याचे प्रसिद्ध केले, पुढे अ‍ॅमस्टरडॅमला कीमेनाय यांनी अँजिओप्लास्टी केली. २०११ साली ७,०२१ रुग्णांवरील ‘रायव्हल’ चाचणीत मुख्य निष्कर्षांपुरते दोन्ही मार्ग सारखे ठरले, पण धमनीच्या जागी होणारी मोठी इजा मनगटाच्या गटात १.४ टक्के आणि जांघेच्या गटात ३.७ टक्के निघाली. मनगट बंद करायला एक पट्टा पुरतो. तोही नसला तर गॉजची घडी आणि चिकटपट्टी चालते. आपल्याकडील अनेक हृदयरोगतज्ज्ञ आज मनगटातूनच काम करतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण दाजींचे मनगट का वापरले नाही, हे आम्ही विचारले नाही आणि आम्हाला सांगितलेही गेले नाही. कदाचित सबळ वैद्यकीय कारण असेल. ते कागदावर कोठेही नाही.

येथवर वाचून आपल्याच गोटातील काही मित्र म्हणतील की, बरोबर आहे, ही सारी श्रीमंतांची चोचले पुरवणारी वैद्यकी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस नसताना हृदयाच्या झडपा आणि धमनीची बुचे यांची चर्चा कशाला? या मित्रांशीही माझे भांडण आहे. तंत्रज्ञानाला भांडवलशाहीचे अपत्य म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवण्याची ही वृत्ती डावी वाटते, पण तिचा फायदा उजव्यांनाच होतो. कारण आपण ज्या क्षेत्रातून निघून जातो ते क्षेत्र बाजाराला मोकळे मिळते. २००२ साली फ्रान्समध्ये रुआँ येथे अलाँ क्रिबिये यांनी छाती न उघडता महाधमनीची झडप कॅथेटरने बसवून दाखवली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ चाचणीत, शस्त्रक्रिया सोसू न शकणाऱ्या वृद्धांपैकी जुन्या उपचारांवर ठेवलेले ५०.७ टक्के वर्षभरात दगावले, नव्या झडपेवरचे ३०.७ टक्के. शंभरांत वीस जीव! हे चोचले नव्हेत. कंडक्टरच्या, मोलकरणीच्या, गिरणी कामगाराच्या म्हातारपणातही ही झडप निकामी होते.

पण त्याच चाचणीत आणखी एक आकडा होता. झडप बसवलेल्यांपैकी १६.२ टक्क्यांना महिनाभरात रक्तवाहिनीची मोठी इजा झाली. दुसऱ्या गटात ते प्रमाण १.१ टक्का होते. कारण साधे आहे. अँजिओप्लास्टीची नळी आतून दोन मिलिमीटर रुंद असते. त्या काळात झडपेसाठी लागणारी नळी सात-आठ मिलिमीटरची होती, म्हणजे जवळपास पेन्सिलीएवढी, आणि मांडीची धमनी स्वतःच साधारण तेवढी. पुढे नळ्या बारीक झाल्या, धमनीचे सीटी स्कॅन आधी पाहू लागले, कमी धोक्याचे रुग्णही घेतले जाऊ लागले. २०१९ च्या ‘पार्टनर ३’ मध्ये हे प्रमाण २.२ टक्क्यांवर आले. नळी आजही पाचेक मिलिमीटरची असते. एवढे मोठे भोक हाताने दाबून बंद होण्याची खात्री नसते. साधन तरी हवे किंवा शल्यविशारदाने जांघ उघडून शिवावे तरी. म्हणजे येथे क्लोजर डिव्हाइस ही चैन राहत नाही, ती गरज बनते. आणि गरज बनली की विक्रेत्याचा हात वर होतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

या मोठ्या भोकांसाठी ‘मँटा’ नावाचे कोलॅजनचे साधन निघाले. युरोपात ते २०१६ पासून विकले जाऊ लागले. २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत परवानगी मिळाली ती २६३ रुग्णांच्या ज्या मुख्य अभ्यासावर, त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. टाक्याच्या जुन्या साधनाशी त्याची चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी तुलना जर्मनीत झाली आणि २०२२ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण ५१६. रक्त थांबायला मँटाला सरासरी ८० सेकंद लागले, टाक्याला २४०. आणि रक्तवाहिनीच्या इजा? मँटाच्या गटात १९.४ टक्के, टाक्याच्या गटात १२ टक्के. एकशे साठ सेकंद वाचले आणि शंभरामागे सात माणसांना अधिक इजा झाली. कोणी म्हणेल की हात बसल्यावर हे प्रमाण खाली येईल. येईलही. पण हात बसेपर्यंत ज्यांच्या धमन्यांवर तो बसवला जाणार त्यांना आपण शिकाऊ माल आहोत हे ठाऊक असते काय? आणि सहा वर्षे विकून झाल्यावर तुलना करण्याऐवजी विकण्यापूर्वी ती का करता आली नाही?

प्रश्नाची आर्थिक बाजू अशी. साधन वापरल्याने जी मिनिटे वाचतात ती रुग्णालयाची वाचतात. कॅथलॅबचे टेबल लवकर मोकळे होते, दिवसात एखादा रुग्ण जास्त होतो, खाट त्याच संध्याकाळी रिकामी करता येते, निवासी डॉक्टरचा किंवा तंत्रज्ञाचा हात दुसरीकडे लावता येतो. रुग्णाला काहीच मिळत नाही असे मी म्हणत नाही. पाठ दुखत नाही, लघवीला उठता येते, आणि वृद्ध माणसाला ही लहान गोष्ट नव्हे. पण उत्पन्नाचा मोठा वाटा रुग्णालयाकडे, साधनाची किंमत रुग्णाकडे आणि जोखीमही रुग्णाकडे, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली? कारखानदाराने मजूर कमी करणारे यंत्र आणले तर निदान यंत्राची किंमत तो स्वतःच्या खिशातून भरतो. येथे यंत्र रुग्णाच्या पैशाने विकत घेतले जाते आणि त्यावर वर नफाही लावला जातो. २०१८ च्या फेब्रुवारीत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा उपभोग्य वस्तूंवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले होते. जितका छापील भाव मोठा तितका रुग्णालयाचा वाटा मोठा; म्हणून कंपन्यांची स्पर्धा भाव उतरवण्याची राहत नाही, चढवण्याची होते.

कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलेला माझा एक माजी विद्यार्थी आहे. तो सांगत होता की, सरकारी योजनेच्या ठोक दराचा रुग्ण असला की त्यांच्याकडे हाताने दाबत. रोख पैसे भरणारा किंवा मोठ्या विम्याचा असला की साधन येई. एकाच टेबलावर, एकाच दिवशी. एका माणसाच्या सांगण्यावरून मी साऱ्या व्यवसायाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही. पण हे तर्काला धरूनच आहे: ठोक दरात साधन हा खर्च असतो, सुट्या बिलात तेच उत्पन्न बनते. निर्णय वैद्यकीय असेल तर तो पैसे भरण्याच्या पद्धतीनुसार बदलू नये.

‘रुग्णाने निवड करावी, बाजार भाव ठरवील’ असे जे म्हणतात त्यांनी केनेथ अ‍ॅरो यांचा १९६३ सालचा लेख वाचावा. अ‍ॅरो काही समाजवादी प्रचारक नव्हते. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजारी माणूस आणि डॉक्टर यांच्या माहितीत इतकी तफावत असते की तेथे साध्या बाजाराचे नियम चालत नाहीत, हे त्यांनी साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले. टेबलावर उताण्या पडलेल्या, अर्धवट गुंगीतल्या माणसाने नांगर-गुडदी आणि टाका यांतून निवड करायची असते काय? आणि विक्रेत्यांतील स्पर्धेविषयी म्हणाल तर, २०१७ च्या आरंभी अ‍ॅबटने सेंट ज्यूड ही कंपनी गिळली तेव्हा दोघींकडेही ही साधने होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला स्पर्धा संपेल अशी धास्ती वाटली, म्हणून अँजिओ-सीलचा धंदा विकायला लावला. जपानच्या तेरुमोने तो आणखी एका साधनासह सुमारे १.१२ अब्ज डॉलरना घेतला. बाजारपूजेच्या माहेरघरातही राज्यसंस्थेला असा हात घालावा लागतो.

आपली राज्यसंस्था काय करते? १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने कायद्याने ‘औषध’ ठरली. त्यामुळे छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. ऐकायला बरे वाटते. पण आरंभीचा भाव कंपनी ठरवील तो. दहापट भावाने सुरुवात करून दरसाल दहा टक्के वाढवायला कायद्याची आडकाठी नाही. स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांना कमाल किंमत लागली, धमनीच्या बुचाला लागलेली नाही. साधनांमुळे होणाऱ्या इजांच्या नोंदीसाठी ‘मटेरिओव्हिजिलन्स’ नावाचा कार्यक्रम ६ जुलै २०१५ रोजी सुरू झाला आणि त्याचे काम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे. तेथे दाजींच्या पायाची नोंद झाली काय? मी रुग्णालयात चौकशी केली तेव्हा असे काही नोंदवायचे असते हेच बिलिंग खिडकीपासून प्रशासकांपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूच्या उत्पादकावर दायित्वाची तरतूद आहे. परंतु दावा लावायचा तर वस्तू कोणत्या कंपनीची, कोणत्या बॅचची, हे रुग्णाला माहीत हवे. साधनाच्या वेष्टनावर बॅच क्रमांकाचा स्टिकर असतो. स्टेंटचे कार्ड रुग्णाला मिळते. बुचाचे मिळत नाही.

सार्वजनिक संस्था मनात आणतील तर काय होते याचे उदाहरण याच देशात आहे. थिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली सरकारी पैशाने हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली आणि १९९० च्या डिसेंबरात ती पहिल्या रुग्णाला बसवली गेली. मध्यंतरी अनेक प्रयत्न फसले, ते संस्थेने लपवले नाहीत. आयात झडपेपेक्षा स्वस्त अशी ही झडप नंतर टी. टी. के. या खासगी कंपनीकडे उत्पादनाला गेली. त्याविषयी माझे वेगळे मत आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय. कोलॅजनची गुडदी आणि टाक्याची दोरी ही झडपेपेक्षा अवघड गोष्ट नाही.

म्हणून आपल्या मागण्या मोघम असता कामा नयेत. ‘आरोग्य हा हक्क आहे’ ही घोषणा देऊन आपण घरी जातो आणि बिलाची ओळ तशीच राहते. क्लोजर डिव्हाइस, कॅथेटर, तारा, फुगे यांना स्टेंटप्रमाणे कमाल किंमत लावा, आणि ती आयातमूल्य किंवा उत्पादनखर्च पाहून लावा. मांडीची वाट का धरली आणि साधन का वापरले, हे केसपेपरवर दोन ओळींत लिहिणे बंधनकारक करा. साधनाचा स्टिकर रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून द्या. साधनामुळे झालेल्या इजेचा दुसरा खर्च रुग्णाकडून घेता येणार नाही, तो रुग्णालय आणि उत्पादक यांनी आपसांत वाटून घ्यावा. ही शेवटची मागणी ऐकून रुग्णालयांच्या संघटना खवळतील. खवळू देत. ज्या दिवशी चुकलेल्या नेमाचा भुर्दंड त्यांच्या ताळेबंदात पडेल, त्या दिवशी मनगटाची वाट अधिक सोपी वाटू लागेल आणि अनुभवी हात कॅथलॅबमध्ये रात्रीही हजर राहील. आणि हो, रात्री पाय गार लागतो असे एखादी आक्का सांगते तेव्हा तो दोन्ही हातांनी तपासलाही जाईल.

महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद त्यांत आली आहे. दरपत्रक लावणे, तपशीलवार बिल देणे, ही त्यातली कलमे कार्यकर्त्यांनी पाठ करावीत आणि आपापल्या गावातील कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात जाऊन दरपत्रकात ही वस्तू आहे काय, ते पाहावे. ज्यांच्या घरात कोणाची अँजिओप्लास्टी झाली आहे त्यांनी ते बिल काढून ओळ शोधावी आणि त्याची प्रत पक्षाच्या तालुका कार्यालयात द्यावी. शंभर बिले जमली तरी निवेदनात घालायला आपल्याकडे स्वतःचे आकडे असतील.

दाजींच्या साधनाचा बॅच क्रमांक मिळावा म्हणून आक्काने रुग्णालयाला लेखी अर्ज दिला. पोचपावतीवर शिक्का आहे. चौदा महिने झाले, उत्तर आलेले नाही. आता तोच अर्ज तिने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवला आहे आणि त्यासोबत दोन्ही बिलांच्या प्रती जोडल्या आहेत.